विहिरीवरच्या मोटारखोलीत रास्पबेरी पाय टिकवायचा कसा

केळीच्या बागेतली ओल दर अर्ध्या तासाला मोजायची, एवढंच काम असेल तर रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, घेऊ नका. त्याचं पाय 4 हे मॉडेल नुसतं चालू राहिलं तरी साधारण 3 वॅट खातो, म्हणजे दिवसाला 72 वॅट-तास. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची बॅटरी जेमतेम दिवसभर पुरते. इथे ईएसपी32 हे छोटं कंट्रोलर बोर्ड लावा. ते मधल्या वेळात झोपतं. कॅमेरा लावायचा असेल किंवा नोंदी साठवून आलेख बघायचे असतील, तर मात्र पायच हवा.

रावेर-यावलकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. पत्र्याखाली त्याहून जास्त. चिप 80 अंशांना पोहोचली की पाय आपला वेग उतरवतो. बंद प्लास्टिकचा डबा टाळा, ॲल्युमिनियमची हीटसिंक-केस घ्या आणि ती पत्र्यापासून लांब, सावलीच्या भिंतीवर बसवा.

खरी डोकेदुखी लाइटची. लिहिणं चालू असताना लाइट गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडतात. सगळं बसवून झालं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या मेनूत परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम (कार्डावर काही लिहू न देणारी सोय) चालू करा आणि नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर लिहा. ओव्हरले आधीच चालू केलात तर पुढचे बदल रीस्टार्टनंतर पुसले जातील. चार्जर 5 व्होल्ट 3 अँपिअरचा, केबल जाड आणि आखूड. दाब 4.63 व्होल्टखाली गेला की पाय कमी व्होल्टेजची सूचना देतो. बहुतेक वेळा दोष मोबाइलच्या बारीक केबलचा निघतो.

पाय 4 मध्ये घड्याळ नाही. नेट नसताना लाइट परत आली की वेळ चुकते, म्हणून डीएस3231 हे घड्याळाचं मॉड्यूल जोडा: पायच्या पिन 1 ला 3.3 व्होल्ट, 3 ला एसडीए (डेटाची तार), 5 ला एससीएल (क्लॉकची तार), 9 ला ग्राउंड. त्याला 5 व्होल्ट देऊ नका. मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर तो दाब थेट पायच्या पिनांवर आणतात, आणि त्या 3.3 च्या वर सोसत नाहीत.

पायला कमी-जास्त होणारा दाब वाचणारं ॲनालॉग इनपुटही नाही, त्यामुळे ओलीच्या सेन्सरसाठी मध्ये एडीएस1115, म्हणजे त्या दाबाचे आकडे करून देणारा कन्व्हर्टर, लागतो. सेन्सर कपॅसिटिव्हच घ्या; उघड्या धातूच्या काड्या खताच्या पाण्यात गंजतात. काळी जमीन सुकली की भेगाळते, सेन्सरभोवती हवा शिरते आणि आकडा खऱ्यापेक्षा कोरडा येतो. तो ठिबकच्या नळीजवळ, मातीचा चिखल करून घट्ट दाबून बसवा.

मोटार रिलेवर (पायच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) थेट कधीच नाही. रिले फक्त स्टार्टरच्या कॉइलपुरता, आणि ती जोडणी वायरमनकडूनच. ‘लो’ मिळाल्यावर चालू होणारा रिले असेल तर जीपीआयओ 5 किंवा 6 वापरा (हे जीपीआयओचे क्रमांक, वरच्यासारखे पिनांचे नव्हेत). सुरू होताना या पिना ‘हाय’कडे ओढलेल्या असतात, 9 ते 27 ‘लो’कडे, तिथे लावलात तर लाइट आल्या आल्या मोटार धडधडेल.