आकार नाही, आकडा बघ

मुलांना नाणी शिकवताना ‘मोठं नाणं म्हणजे जास्त पैसे’ असं चुकूनही सांगू नका. २०११च्या मालिकेतलं दोनचं नाणं पाचाच्या नाण्यापेक्षा मोठं आहे, तिथेच पोरं फसतात. आमची धाकटी तर पाच देऊन दोन घ्यायला खुशीत तयार! त्यापेक्षा नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायला द्या. आकडा आपसूक उमटतो. दहाचं बाहेरून पिवळं, आत पांढरं. विसाचं बरोबर उलटं, शिवाय त्याच्या बारा कडा बोटाने मोजता येतात. मग भाजीचा खेळ मांडा: कोथिंबिरीची जुडी बारा रुपयांना. दहा आणि दोन दिले, ठीक. आता दहाचं नाणं लपवा आणि पुन्हा बारा मागा. खरी मोजणी इथे सुरू होते. अगदी लहान मूल असेल तर शेजारी बसा, नाणी तोंडात जातात.