भाड्याच्या घरात सांगितले एक, निघाले दुसरे: या चुका टाळा

पुण्यात भाड्याचे घर बहुतेक जण रविवारी पाहतात आणि पहिली चूक तिथेच होते. वाघोली, उंड्री किंवा बाणेरमधल्या ज्या सोसायट्या टँकरवर अवलंबून आहेत, तिथे ‘चोवीस तास पाणी’ ही जाहिरातीतली ओळ खरी की खोटी, हे दहा मिनिटांच्या भेटीत नळ सोडून कळत नाही. त्यासाठी कामाच्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास जावे आणि एजंटऐवजी वॉचमनला विचारावे की, मे महिन्यात दिवसाला टँकर किती येतात. ही खबरदारी पुढे कायद्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडते. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार चुकीच्या माहितीवर दिलेली संमती मागे घेता येते. मात्र साध्या चौकशीने सत्य कळण्यासारखे होते, असे दिसले तर तो आधार सहसा उरत नाही.

दुसरी चूक मीही केली आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक काळ वापरायला देण्याचा, करार नोंदवायला माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन रात्री नऊला घरी आला, घरमालकांनी ‘पार्किंग आहेच की’ असे हसून सांगितले आणि मी मसुदा न वाचताच अंगठा ठेवला. करारात पार्किंगचा उल्लेखच नव्हता. ती जागा सोसायटीने त्यांना दिलेलीच नव्हती, हे आठवड्याभराने चाकाला कुलूप लागल्यावर समजले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तो तसा नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणीकृत करार झाल्यावर मात्र त्यातल्या मजकुरापुढे तोंडी आश्वासनाला फारसे वजन राहत नाही. म्हणून पार्किंगचा क्रमांक, लिफ्टचा बॅकअप, गीझर आणि मोड्युलर किचन यांची नोंद मसुद्यातच करून घ्यावी आणि पार्किंगसाठी सोसायटीचे पत्र मागावे. घरमालकांना राग येईल या भिडेने आपण गप्प बसतो. ही भीड फार महागात पडते.

फसवणूक लक्षात आल्यावर रागाने भाडे थांबवणे ही तिसरी चूक. त्यामुळे तक्रारदार भाडेकरूच थकबाकीदार ठरतो. भाडे बँकेतून भरत राहावे, लॉक-इनचे (ठरावीक काळाआधी घर सोडता येणार नाही, असे सांगणारे) कलम वाचावे आणि ईमेल व स्पीड पोस्टाने लेखी कळवावे: काय सांगितले होते, काय मिळाले, कोणत्या तारखांना पाणी आले नाही आणि आपल्याला दुरुस्ती हवी, भाड्यात कपात हवी की डिपॉझिटसह करारातून सुटका. चिडून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार घरमालकाला नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २९ त्यासाठीच आहे.

या पत्राला मूळ जाहिरात जोडता आली पाहिजे. तिचा स्क्रीनशॉट टोकन, म्हणजे घर पक्के करण्याची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वीच काढून ठेवावा, कारण घर भाड्याने गेले की संकेतस्थळावरची जाहिरातही उतरते.