अडीच डेसिबलचा घोळ: प्लगइन की खरा ॲनलॉग सिंथ?

सिंथेसायझरमधले ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा), फिल्टर (तो गाळणारा), एन्व्हलप (त्याचा चढउतार ठरवणारा) कळले आहेत आणि आता ‘प्लगइनवरच (कॉम्प्युटरमधल्या सिंथवर) राहू की खरा ॲनलॉग (विजेच्या सर्किटवर चालणारा) घेऊ’ या प्रश्नाने झोप उडाली आहे, अशांसाठी हे लिहितेय. या प्रश्नावर माझं दीड वर्ष एका मूर्खपणात गेलं, म्हणून आधी तोच सांगते.

माझ्याकडे लॅपटॉप, एक मिडी कीबोर्ड आणि मिनीमूग या जुन्या ॲनलॉग सिंथची नक्कल करणारं प्लगइन होतं. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांच्याकडे तीन ऑसिलेटरचा खराखुरा मोनो (एका वेळी एकच स्वर वाजवणारा) सिंथ होता, आणि ‘कॉम्प्युटरच्या आवाजात जीव नसतो’ हे त्यांचं ठाम मत. एका दुपारी आम्ही एकच बेस पॅच (नॉबची ठरावीक मांडणी) दोन्हींवर लावला, रेकॉर्ड केला, ऐकला. सिंथ भरदार, छातीत घुमणारा. प्लगइन पाणचट. झाला निकाल. महिन्याभरात साठवलेलं सगळं ओतून मी सहा व्हॉइसचा (एका वेळी सहा स्वर वाजवणारा) जुना ॲनलॉग सिंथ घरी आणला.

दीड वर्षाने ड्राइव्ह आवरताना त्या दोन फायली सापडल्या. सहज मीटर लावून बघितलं. सिंथची फाइल अडीच डेसिबलने वर होती.

हे नीट समजून घ्या. दोन आवाजांत एक-दोन डेसिबलचा फरक असला की मन त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतं. शिवाय हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद असतो आणि आवाज वाढला की खर्ज प्रमाणाबाहेर वर येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच याचे आलेख मांडले होते. म्हणजे बेसची कुठलीही फाइल जरा वर उचलली की ती आपसूक ‘उबदार’ होते. सिंथचा सिग्नल इंटरफेसमधून (सिंथ कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यातून) येतो आणि तिथला गेन (पातळी) आपण कानाला बरं वाटेपर्यंत फिरवतो. प्लगइनच्या वाट्याला हे लाड येत नाहीत.

म्हणून तुलना करायची तर अशी करा. दोन्हीकडे फिल्टर पूर्ण उघडा, एकच लांब स्वर धरा, रेकॉर्ड करा आणि सरासरी पातळी जुळवा, म्हणजे आरएमएस किंवा एलयूएफएस (मीटरवरची सरासरीची मापं). पीक (लाटेचं सर्वात उंच टोक) जुळवू नका. फेज, म्हणजे लाटेतल्या घटकांची आपसातली वेळ, बदलली की लाटेचा आकार बदलतो, त्यामुळे पीक सारखे असूनही एक आवाज मोठा वाटू शकतो. फरक 0.2 डेसिबलच्या आत आणा. मग पॅच लावा, पण नॉबवरचे आकडे बघून नव्हे, कानाने. एकाचा ‘5’ म्हणजे दुसऱ्याचा ‘5’ नसतो. मिनीमूगच्या मिक्सरमध्ये ऑसिलेटर वर नेले की फिल्टरमध्ये शिरतानाच सिग्नल थोडा चिरडला जातो, आणि ज्याला सगळे जाडी म्हणतात त्यातला बराचसा भाग तोच. आम्ही त्या दुपारी प्लगइनचे ऑसिलेटर अर्ध्यावर ठेवले होते! पॅच लावून झाला की पातळी पुन्हा तपासा. हो, पुन्हा. मग कुणाला तरी फायली उलटसुलट वाजवायला सांगा आणि कुठली फाइल कशाची ते 16 वेळा ओळखा. नुसत्या नशिबाने 12 किंवा जास्त बरोबर यायची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास असते. माझे 9 आले.

खचू नका, कान वाईट नसतात. कान फसतात, आणि सगळ्यांचेच फसतात.

खरे फरक आहेतच. रेझोनन्स (कटऑफपाशी आवाज उठवणारा नॉब) टोकाला नेऊन फिल्टरमध्ये सिग्नल कोंबला किंवा कटऑफला (फिल्टर जिथून कापायला लागतो त्या जागेला) ऑसिलेटरच्या वेगाने हलवलं, की सामान्य प्लगइन उघडं पडतं. दुसरी खूण ॲलायसिंगची. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) 22,050 हर्ट्झच्या वर जाणारे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) परत खाली दुमडतात आणि भलत्याच सुरात उमटतात. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी लाट) लावा, सगळ्यात वरच्या सप्तकात स्वर धरा आणि पिच हळूहळू वर न्या. काहीतरी बारीक खाली सरकताना ऐकू आलं, तर तेच. ओव्हरसॅम्पलिंग (प्लगइनच्या आत जास्त सॅम्पल रेटने हिशेब) चालू करा, प्रोसेसर कण्हेल, पण आवाज स्वच्छ होईल.

लॅटन्सीचं, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचं, थोडक्यात: 512 सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका घासात साठवतो तेवढा आवाज) म्हणजे एकट्या त्याचेच साडेअकरा मिलिसेकंद. वाजवताना 128 वर आणा, बरेचदा ‘प्लगइन निर्जीव आहे’ ही तक्रार तिथेच मिटते.

‘ॲनलॉगची मजा ऑसिलेटर डळमळण्यात आहे’ हेही सगळीकडे ऐकाल. मग 1982 चा जुनो-60 आणि 1984 चा जुनो-106 हे ॲनलॉग सिंथ लोकांना इतके का आवडतात? त्यांच्या ऑसिलेटरची पिच डिजिटल घड्याळावर चालते, डळमळत नाही. तिथली दाटी मुख्यतः कोरसची (आवाजाची किंचित हलती प्रत त्यातच मिसळणाऱ्या इफेक्टची) आहे. हे माझ्या गुरूंना सांगितलं तेव्हा ते गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘तरीपण’. शिकवणारा माणूस पाहिजेच, पण त्याच्या खरेदीची कारणं आपली समजू नयेत.

प्रीसेटच्या (तयार पॅचच्या) पोतड्या मात्र खरंच घेऊ नका. सर्ज एक्सटी हे एक फुकटचं सिंथ प्लगइन उघडा, इनिट (कोऱ्या) पॅचपासून सुरुवात करा आणि तीन महिने दुसरं काही इन्स्टॉल करू नका. कंटाळा येईल. येऊ द्या.

माझा सिंथ अजून आहे. माउसने एका वेळी एकच नॉब धरता येतो, इथे दोन्ही हात गुंततात, आणि त्याच्यावर मी जास्त वेळ टिकते. मात्र त्याच्या सहा व्हॉइस पाळीपाळीने वाजतात आणि त्यातली एक गेलीय, त्यामुळे दर सहावा स्वर गायब असतो. आठ स्वरांची ओळ फिरत ठेवली की ते भोक दर फेरीत जागा बदलतं. एका ट्रॅकमध्ये मी ते तसंच ठेवलंय.