मधमाश्या-फुलपाखरांसाठी राखलेल्या जागेतले गवत केव्हा आणि कसे कापावे

सोसायटीमागची किंवा टेकडीच्या पायथ्याची मोकळी जागा मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी राखायचे ठरले, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी रोपांची यादी काढतो आणि दुसरा कोणीतरी बियांच्या पाकिटांसाठी वर्गणी मागू लागतो. पुण्याच्या परिसरात अशा काही जागांवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की लावणे हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. जागा बिघडते ती पावसाळा संपल्यावर, आणि ती बिघडवतो तो गवत कापणारा. परवानगी, पाण्याची सोय आणि हौशी माणसे तुमच्याकडे आहेत, असे गृहीत धरतो.

मे महिन्यात कडेने खड्डे घेऊन ठेवावेत आणि पहिला चांगला पाऊस झाला, की करंज, पांगारा, वायवर्ण लावावेत, म्हणजे काही वर्षांनी उन्हाळ्यातही फुले मिळतील. मधल्या जागेत तेरडा, कुर्डू, टाकळा, खुळखुळा यांचे जवळच्याच माळावरून आदल्या वर्षी गोळा केलेले बी फोकावे. फुलपाखरांच्या अळ्यांसाठी कढीपत्ता आणि रुई असावी, व त्यांची पाने खाल्लेली दिसली म्हणून कोणी फवारणी करू नये. ‘फुलपाखरांची बाग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांत हमखास कॉसमॉस असतो; मूळ मेक्सिकोच्या या नारिंगी-पिवळ्या फुलावर माश्या येतात हे खरे, परंतु तो पुण्याच्या टेकड्यांवर कसा माजला आहे, हे ज्याने पाहिले आहे तो ते पाकीट फोडणार नाही.

उताराला आडवे, गुडघ्याएवढे दगडी बांध घालावेत. पाण्यासाठी उथळ परात, तीत माश्यांना बसण्यापुरते दगड, आणि डास होऊ नयेत म्हणून दर तीन दिवसांनी ताजे पाणी, एवढे पुरते. मात्र उन्हाची, न खणलेली, उघडी मातीही थोडी राखावी. वांग्याच्या फुलाला लटकून, अंग थरथरवून पराग झाडणारी निळ्या पट्ट्यांची माशी मातीत घर करते, आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, की तिचा प्रश्न कायमचा मिटतो.

आता कापणी. पहिल्या वर्षी आम्ही दसऱ्यापूर्वी जागा स्वच्छ दिसावी, या उत्साहात ग्रास कटर फिरवून घेतला. कुर्डू तेव्हा फुलात होता, तेरड्याच्या बोंडांत बी पुरते भरले नव्हते. सगळे एका सकाळी आडवे झाले, आणि पुढल्या श्रावणात तेथे गाजर गवताखेरीज फारसे काही उगवले नाही. दुसऱ्या वर्षी चुकीचे प्रायश्चित्त म्हणून काहीच कापले नाही. मार्चमधल्या एका दुपारी रस्त्याकडून आग लागली आणि वाळलेल्या गवताबरोबर आदल्या जूनमध्ये लावलेली करंजाची रोपेही जळाली. ‘बरे झाले, राखेचे खत होईल’ असे तेव्हा सांगणारे भेटले. ती राख आणि तिच्याखालची उघडी माती पहिल्याच वळवाने उतारावरून खाली वाहून नेली, हे पाहायला मात्र ते पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून मी रस्त्याची कड सोडून उरलेल्या जागेचे तीन पट्टे पाडतो. नोव्हेंबरमध्ये फक्त रस्त्याच्या कडेचे दोन-अडीच मीटर गवत जमिनीलगत कापून उचलून घ्यावे. हा आग आत येऊ न देणारा जाळपट्टा, आणि त्यात कोणाच्याही फुलांची भीड धरू नये. उरलेल्या जागेत कॅलेंडर पाहून विळा घालू नये, बी पाहून घालावा. तेरड्याची बोंडे हात लागताच फुटतात, त्यामुळे त्याचे बी झडले की नाही, हे लगेच कळते. खरी परीक्षा कुर्डूची: वाळलेला तुरा तळहातावर झटकावा. काळे, चकचकीत, तिळाहून बारीक दाणे भराभरा पडले, तर अजून आठवडाभर थांबावे. तुरा झटकूनही हात जवळजवळ रिकामाच राहिला, की पहिला पट्टा कापायला हरकत नाही.

कापणी विळ्याने आणि घोट्याच्या उंचीवर करावी. कटरची दोरी जमिनीपर्यंत जाते, मातीतली बिळे बुजवते आणि रोपांच्या साली सोलते. त्या सोललेल्या बुंध्यांवर मी इतकी रोपे गमावली आहेत, की आता यंत्र आत येऊच देत नाही. कापलेले गवत दोन-तीन दिवस तिथेच पडू द्यावे, मग उलटे करून झटकावे, म्हणजे अडकलेले बी खाली पडते, आणि त्यानंतर ते गुराख्याला द्यावे. दुसरा पट्टा महिन्याभराने, याच रीतीने.

तिसऱ्या पट्ट्याला उन्हाळाभर हात लावू नये. त्या वाळक्या, पोकळ काड्यांमध्ये बारीक सुतारमाश्यांची घरे असतात आणि फुलपाखरांचे कोष लटकलेले असतात. ‘एवढा कचरा कशाला ठेवला’ ही तक्रार दरवर्षी येते. तक्रार करणाऱ्याला तिथे नेऊन एक काडी उभी चिरून आतली परागाच्या गोळ्यांची रांग दाखवली, की वाद निम्मा होतो. या पट्ट्याभोवती जाळपट्टा दुहेरी ठेवावा, आणि न कापायचा पट्टा दरवर्षी आळीपाळीने बदलावा.

गाजर गवत पावसात माती मऊ असताना, फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. झाडावर आग्या मोहोळ बसले, तर धूर करू नये, दगड मारू देऊ नये आणि खालची वाट काही महिने दोरी लावून बंद ठेवावी. हंगाम सरला, की त्या माश्या आपणहून स्थलांतर करतात.