पिकअप खाली केल्यावर प्रोपेलर थरथरतो? आधी अँगल मोजा, मंग क्रॉस बदला

राजेहो, अमरावती-यवतमाळकडं पोरं पिकअपचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) काढून नाहीतर हाऊसिंग (मागच्या दोन चाकांमधला ॲक्सलचा डबा) पाट्याच्या वर घेऊन गाडी खाली बसवतात, दिसते भारी, पण मंग गाडी उठताना खालून थरथर, स्पीडला घूं घूं आवाज, न गॅरेजवाला सरळ नवा क्रॉस टाकून देतो, म्हणजे गिअरबॉक्सपासून हाऊसिंगपर्यंत फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या खुणेसारखा जॉइंट. तो क्रॉसही जातो. काहून की रोग क्रॉसचा नाही, अँगलचा आहे.

गाडी खाली आली की हाऊसिंग चेसिसच्या जवळ जातं न प्रोपेलरचा कोन बदलतो. क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जोरात, दोनदा हळू जातो, पुढच्या जॉइंटची ही गडबड मागच्यानं खोडायची असते, अन ते तेव्हाच होतं जेव्हा गिअरबॉक्सचा शाफ्ट न पिनियन (हाऊसिंगमधून पुढं निघणारा शाफ्ट) एकमेकाला समांतर असतात. लोडवर गाडी ओढत असताना या दोघांतला फरक १ डिग्रीच्या आत पाहिजे, प्रत्येक जॉइंटचा कोन साधारण ३ डिग्रीच्या आत. एकदम शून्य पण नको, अर्धा-एक डिग्री लागतेच, नाहीतर क्रॉसच्या टोकांवरच्या कपातल्या सुया (बारीक बेअरिंग) फिरतच नाहीत न एकाच जागी खड्डे पाडतात. कपाभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली तर तो क्रॉस कोरडा पडला समजा, तो बदलाच, पण अँगल नीट करूनच.

मोजताना गाडी सपाट सिमेंटवर, चारही चाकं जमिनीवर, अंगावर नेहमीचा माल. चेसिसला जॅक लावून मोजलेला आकडा कामाचा नाही, हाऊसिंग लटकलं की सगळंच बदलतं. मॅग्नेटवालं अँगल गेज घ्या, नसेल तर मोबाईलचं लेव्हल ॲप पण चालते. गिअरबॉक्सची फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती), प्रोपेलरचा पाईप, पिनियनची फ्लँज, तिन्ही आकडे कागदावर लिहा. फ्लँजचा चेहरा उभा असतो, तिथला आकडा ९० तून वजा करायचा.

गिअरबॉक्स न पिनियनचे आकडे जुळले नाहीत, म्हणजे पिनियन वाकडा निघाला, तर पाटा न हाऊसिंगच्या मधात लोखंडी पाचर टाका. पाटे हाऊसिंगच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू मागं ठेवली की पिनियनचं नाक वर जातं, पुढं ठेवली की खाली. हाऊसिंग पाट्याच्या वर नेलं असेल तर हेच उलटं, इथंच लय लोक फसतात. नाक समांतरपेक्षा एक-दीड डिग्री खालीच ठेवा, लोडवर गाडी ओढताना पाटे पिळतात न नाक आपोआप वर येतं. पाटा न हाऊसिंग आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच टाका, जुने ताणलेले असतात.

दोन तुकड्यांचा प्रोपेलर असेल तर थरथर बहुतेक सेंटर बेअरिंगपाशी (दोन तुकड्यांच्या मधला आधार) असते. त्याचं ब्रॅकेट न क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) यांच्या मधात शिम (लोखंडाची पातळ पट्टी) टाकली की बेअरिंग खाली जातं, वर न्यायचं असेल तर ब्रॅकेटच बदलावं लागतं. बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर आधी तेच बदला.

लांबी पण पाहा. मालासकट पांदण रस्त्याच्या खड्ड्यात गाडी बसते तेव्हा स्लिप योक (प्रोपेलरचा आत-बाहेर सरकणारा तुकडा) आत जातो, शेवटी २०-२५ मिलिमीटर जागा उरलीच पाहिजे. नाही उरली तर योक आत ठोकतो न थेट गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर मार बसतो. मंग शाफ्ट कापून छोटा करणं आलं, अन ते काम लेथवर कापून बॅलन्स करून देणाऱ्याकडंच, गावातल्या वेल्डिंगवर बिलकुल नाही.

खोलायच्या आधी चाकापुढं-मागं दगड लावा, प्रोपेलर काढला की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबत नाही. दोन्ही बाजूंच्या योकवर पंचनं खूण करा, स्लिप योक दाते चुकून बसला तर अँगल बरोबर असूनही थरथर राहते.

कापूस-संत्रा भरणाऱ्या गाडीचे पाटे काढूच नका असं माझं मत आहे, वजन घ्यायची ताकद जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असल्या बदलाला लागू पडते, आधी आरटीओत विचारून घ्या.

काम झालं की शंभरेक किलोमीटर रिकामी चालवून यू-बोल्ट परत कसा, क्रॉसला निप्पल असेल तर ग्रीस भरा, चारही कपातून बाहेर येईपर्यंत.