आधी तिथी, मग चोरी: किनाऱ्यावरच्या बालगुप्तहेराची रहस्यकथा कशी रचावी

किनाऱ्यावरच्या गावात घडणारी मुलांची रहस्यकथा लिहायची असेल, तर गुन्हा ठरवण्याआधी तिथी ठरवावी. आपल्यापैकी बहुतेक जण चोरी कशाची, चोर कोण आणि उलगडा कसा होणार याच क्रमाने विचार करतात आणि समुद्राला नाटकाच्या मागच्या पडद्यासारखे टांगून ठेवतात. परंतु कोकणातल्या बंदरावर होडी कधी लोटायची, कालवे (खाण्याची शिंपली) काढायला खडकावर कधी उतरायचे आणि खाडी पायी कधी ओलांडायची हे सगळे पाण्याच्या वेळेवर ठरते. चोरालाही त्याच वेळेत आपले काम उरकावे लागते.

हे मला एका वाचक मुलीने शिकवले. किनाऱ्यावरच्या एका शाळेत मी माझी कथा वाचून दाखवत होतो. तिच्यात पौर्णिमेच्या मध्यरात्री दोन माणसे रुंद, ओल्या पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवरून, एक जड पोते ओढत नेतात आणि त्या ओरखड्यांवरून पुढचा सगळा तपास होतो. वाचन संपताच सातवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "सर, पुनवेला रात्री बाराला तिथं पुळण नसते, पाणी असतं." वर्ग हसला. माझी कथा मात्र पहिल्या प्रकरणातच बुडाली होती.

तिला जे उपजत माहीत होते ते काढण्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांत पूर्वापार चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्रयोदशीला पावणेदहा वाजता आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि त्यांच्या मध्यावर ओहोटी येते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता आणि ढोबळ आहे. नेमकी वेळ हवी असल्यास भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत, पण कथेचा सांगाडा उभा करण्यास भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

या हिशेबातून एक गोष्ट निघते आणि ती रहस्यकथेला फार उपयोगी पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरतेही. मात्र आपल्या किनाऱ्यावर ही मोठी ओहोटी नेहमी पहाटे आणि संध्याकाळी येते. मध्यरात्रीची ओहोटी अष्टमीच्या आसपास मिळते, पण तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराचा काळ, असतो आणि पाणी फारसे उतरत नाही. म्हणजे पूर्ण कोरडी पुळण आणि गडद मध्यरात्र या दोन गोष्टी लेखकाला एकत्र मिळतच नाहीत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारखी जागा, जिथे ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला चहूकडे पाणी असते, ही म्हणूनच बंद खोलीच्या रहस्यासाठी उत्तम जागा आहे. उधाणाच्या संध्याकाळी जो तिथे पायी गेला आणि वेळेत परतला नाही, त्याला होडी मिळाल्याखेरीज पहाटेपर्यंत सुटका नाही, आणि होडी घेतली असेल तर ती कोणाची, हे गावात कोणाला तरी ठाऊक असणारच. गावाचे नाव कल्पित ठेवावे, पण त्याला किनाऱ्याचा खरा तुकडा द्यावा, कारण मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून अधिक चढते, तर गोव्याकडे ते त्याच्या निम्म्याच्या आसपास राहते. मुंबईचे पाणी मालवणात आणले, तर तिथला वाचक ते लगेच ओळखतो.

आता एक कथा उघडून तिचे सांधे पाहू. मुलांसाठी खून नको, असे माझे मत आहे. खुनाची भीती वाटते, पण त्यात मुलाला स्वतःचे असे काही गमावल्यासारखे वाटत नाही. कासवाची अंडी चोरीला गेली, तर वाटते. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणच्या पुळणींवर रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिले बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ही घरटी राखायला सुरुवात केली आणि आता किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कासवमित्र पहाटे पुळणीवर फेरी मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे चोरीला गुन्ह्याचे वजन आपोआप मिळते.

तिथी घेऊ फाल्गुन शुद्ध त्रयोदशीची. शिमगा तोंडावर आहे, चाकरमानी गावी आलेले आहेत, पालखीच्या तयारीत घराघरांतून रात्री उशिरापर्यंत जाग आहे आणि अनोळखी चेहऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. रात्री पावणेदहाला पूर्ण भरती, पहाटे चारला ओहोटी आणि सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा भरती, एवढे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावे. कासव अकराच्या सुमारास, पाणी उतरू लागल्यावर वर आले आणि तासाभराने परत गेले. तेवढ्या वेळात पाणी आणखी मागे हटल्यामुळे कासवाची परतीची वाट येण्याच्या वाटेपेक्षा लांब उमटली. पहाटे सहाला आपली नायिका, बारा वर्षांची एक मुलगी, आईबरोबर मासळीच्या लिलावाला जाताना तिथे थांबते. वाळूत दोन्ही बाजूंना आलटून-पालटून वल्ही मारल्यासारखे ठसे आहेत, मधून पोट घासत गेल्याचा पट्टा आहे आणि वरच्या बाजूला दीड फुटाचा रिकामा खड्डा आहे. कोल्हा किंवा कुत्रा आला असता, तर टरफले आणि वाळू चहूकडे उडाली असती. इथे एकही टरफल नाही आणि खड्ड्याची कड हाताने सारवल्यासारखी आहे. परतीच्या वाटेवर, पार खालच्या ओल्या भागात, एका चपलेचा ठसा चढलेला आहे आणि तिच्या डाव्या टाचेला चीर आहे.

चप्पल कोणाची हे गावाला लगेच कळते, कळू द्यावे. ज्याची ती आहे तो माणूस शांतपणे सांगतो, की संध्याकाळी सातला मी तिथून फिरत गेलो होतो. मोठ्यांना हे पटते. मुलीला पटत नाही, कारण संध्याकाळी सातला त्या जागी उमटलेले पाऊल पावणेदहाच्या भरतीने पुसले गेले असते, शिवाय जी वाट अकरानंतर उमटली तिच्यावर सातचे पाऊल चढेल कसे? "आये, ही पावलं भरती गेल्यावरची हायत गो," एवढे एकच वाक्य तिच्या तोंडी घालावे आणि स्पष्टीकरण शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवावे. वाचकाला मात्र भरतीची वेळ, कासवाच्या दोन वाटांची लांबी आणि माणसाने सांगितलेली वेळ या तिन्ही गोष्टी आधीच, वेगवेगळ्या पानांवर, दुसऱ्याच कशाच्या तरी ओघात सांगितलेल्या असल्या पाहिजेत. लिलावाच्या गडबडीत आजोबा भरतीची वेळ पुटपुटतात आणि त्याच वाक्यात बर्फाच्या भावाबद्दल कुरकुर करतात, असे लिहिले की वाचक भाव लक्षात ठेवतो आणि वेळ विसरतो.

याच ठशांमुळे कथेला वेगही मिळतो. चढते पाणी पहिल्या आणि शेवटच्या तासात सावकाश सरकते आणि मधल्या दोन तासांत एकूण चढणीच्या निम्मे वर येते. ओहोटी चारला असेल, तर सहा ते आठ हे ते दोन तास. म्हणजे मुलगी ठशापाशी पोहोचते तेव्हाच पुरावा सर्वांत वेगाने नाहीसा होऊ लागलेला असतो, तिच्याजवळ फोन नाही, आई हाका मारते आहे आणि शाळेची पहिली घंटाही लवकरच होणार आहे. ती माडाच्या झावळीतला हीर, म्हणजे पातीची कडक शीर, ओढून काढते, त्याने ठशाची लांबी आणि रुंदी मोजते, हिरावर दाताने खुणा करते आणि तो वहीत घालते. पाठलाग, पिस्तूल, अंधारी गुहा यांपेक्षा दाताने खुणा केलेला तो हीर वाचकाच्या अधिक लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

मुलगी सर्वज्ञ करू नये. तिला रसायने, कायद्याची कलमे किंवा मोठ्यांचे व्यवहार कळण्याची गरज नाही. तिला किनारा कळतो आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते, हे तिचे दोन गुण पुरेसे आहेत. मासळीच्या वाट्यांपाशी सुटे पैसे मोजत बसलेल्या मुलीसमोर मोठी माणसे उधारी, भांडणे आणि सोयरिकी निर्धास्त बोलतात. तिला घरची कामे असावीत आणि ती चुकल्यावर बोलणीही बसावीत. निवृत्त तांडेल (होडीचा प्रमुख खलाशी) असलेले आजोबा तिला वारा आणि पाणी शिकवतील, उत्तर मात्र सांगणार नाहीत. रोज रात्री एकटी पुळणीवर भटकणारी मुलगी कोणत्याही कोळीवाड्यात खपत नाही, म्हणून तपास पहाटे आणि तिन्हीसांजेला ठेवावा. मोठी ओहोटीही सुदैवाने त्याच वेळी असते.

संशयितांपैकी निदान एक जण वेगळ्याच कारणाने खोटे बोलत असावा. आमच्या कथेत गावचा एक नाखवा, म्हणजे होडीचा मालक, रात्री घरी झोपलो होतो असे सांगतो, पण त्याची जाळी ओली आहे. खरे तर तो दिव्यांच्या झोतात मासेमारी करायला गेला होता, आणि एलईडी दिव्यांची मासेमारी देशभर २०१७ पासून बंद असल्याने तो तोंड उघडत नाही. पारंपरिक मच्छीमार आणि अशा नौका यांच्यातला राग किनाऱ्यावर खरोखरच धुमसत असतो, त्यामुळे वाचक त्याच्यावर सहज संशय घेतो. वाऱ्याचाही असाच उपयोग होतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. फाल्गुनातल्या पहाटे तीनला ओटीवर बसून समुद्रातल्या होडीच्या डिझेलचा वास आल्याचे जो सांगतो, त्याची साक्ष तपासून घ्यावी. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही. पावसाळ्यात होड्याही चालत नाहीत, कारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्या शाकारून ठेवलेल्या असतात.

उलगडा मुलीने करावा, अटक मात्र तिने करू नये. हीर आणि वही घेऊन ती आधी कासवमित्राकडे जाते, तो तिला पोलीस पाटलाकडे नेतो आणि मग वनरक्षक येतो. ही साखळी खरी आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक कडीला मुलीचे म्हणणे पुन्हा पटवून द्यावे लागते, त्यामुळे शेवटचे प्रकरण व्याख्यान न होता तीन वेगळ्या स्वभावांच्या माणसांशी झालेले संवाद होते. बोलीचा वापर संवादापुरता ठेवावा आणि तोही त्याच भागातल्या कोणाकडून वाचून घ्यावा, कारण हर्णैची बोली आणि वेंगुर्ल्याची बोली एक नाही. माझा स्वतःचा हात तिथे अजूनही चुकतो.

लिहून झाल्यावर हस्तलिखित किनाऱ्यावरच्या दोन-तीन मुलांना द्यावे. कथा आवडली का हे विचारू नये, चोर कोणत्या पानावर कळला ते पेन्सिलीने लिहायला सांगावे. आणि कोणा संपादकाने शिमग्याची पौर्णिमाच घ्या, चांदणे देखणे दिसेल, असे सुचवले, तर होकार देण्यापूर्वी पंधराची पाऊणपट करावी. भरती सव्वाअकराला जाईल, कासवाच्या दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच लांबीच्या होतील, पहाटे सहाला पाणी जेमतेम चढू लागलेले असेल आणि हीर शोधण्याची घाई करायला मुलीला काही कारणच उरणार नाही.