सफ्रानबोलूत गाडी उभी करून एक निवांत दिवस कसा घालवावा

इस्तंबूलहून भाड्याची गाडी घेऊन मध्य तुर्कस्तानातल्या कापाडोकियाकडे निघालात की सुरुवातीला गावांपेक्षा रस्ताच जास्त बघितला जातो. त्यात आपल्याला सवय नसलेली उजवी बाजू आणि ट्रकांच्या रांगा, म्हणजे संध्याकाळपर्यंत मान आखडलीच. म्हणून मधला एक दिवस असा ठेवावा की गाडीची किल्ली खोलीतच राहील. त्या दिवसासाठी सफ्रानबोलूसारखं गाव नाही. सगळं पायी होतं आणि बघण्यासारखं असूनही धावपळ करावी लागत नाही.

आदल्या संध्याकाळीच पोचा

इस्तंबूलपासून अंतर साधारण ४०० किमी, अंकाऱ्यापासून २२० किमीच्या आसपास. इस्तंबूल–अंकारा महामार्ग गेरेदेजवळ सोडायचा आणि काराब्यूकची पाटी धरायची. काराब्यूक हे पोलाद कारखान्याचं शहर. तिथली धुराडी बघून रस्ता चुकलो असं वाटेल, पण जुनं गाव तिथून जवळच आहे.

मुक्काम दोन रात्रींचा करा आणि खोली ‘चार्शी’ म्हणजे जुन्या बाजारपेठेच्या भागातच घ्या. बऱ्याच जुन्या वाड्यांची आता छोटी हॉटेलं झाली आहेत. गाडी कुठे लावायची हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा, कारण गल्ल्या अरुंद, चढाच्या आणि दगडी फरसबंदीच्या आहेत. पकड असलेले बूट हवेत. शक्यतो शनिवार-रविवार टाळा.

सकाळी न्याहारी, मग टेकडी

तुर्की न्याहारी म्हणजे टेबलभर वाट्या: चीजचे दोन-तीन प्रकार, ऑलिव्ह, काकडी-टोमॅटो, मध, कायमाक नावाची घट्ट साय, मुरांबे, अंडी आणि चहावर चहा. तासभर लागू द्या. कपावर चमचा आडवा ठेवला की ‘आता पुरे’ असं समजतात, नाहीतर चहा येतच राहतो.

मग हिदिरलिक टेकडी. पर्यटकांच्या बस यायच्या आत वर असलेलं बरं. वरून गावाची रचना कळते. खाली घळीत वसलेली चार्शी थंडीच्या मुक्कामाची आणि वरच्या अंगाला, झाडीतला बालार भाग उन्हाळ्याचा. सुस्थितीतली कुटुंबं ऋतूप्रमाणे घर बदलत. तळमजला दगडी, वर लाकडी सांगाडा आणि पुढे झुकलेल्या खिडक्या. या घरांमुळेच १९९४ मध्ये गावाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

एकच घर आतून बघा, पण नीट

कायमाकामलार हे संग्रहालय केलेलं घर पुरेसं आहे. चार घरं बघाल तर चारही विसराल. आत गेल्यावर दोन गोष्टी मुद्दाम शोधा. एक, भिंतीतलं फिरतं कपाट. स्वयंपाकाकडच्या बायका त्यात ताट ठेवून फिरवत आणि ते पलीकडे पाहुण्या पुरुषांना मिळे. कुणी कुणाच्या नजरेस पडायचं नाही, ही सोय. दुसरी, कपाटाच्या दारामागे दडवलेली न्हाणी.

तिथून बाजारात उतरा. आरास्ता ही येमेनी नावाचे हलके चामडी जोडे शिवणाऱ्यांची जुनी गल्ली. आता तिथे बहुतेक दुकानं भेटवस्तूंची आहेत, तरी वेलींच्या सावलीत बसून निखाऱ्यावरची कॉफी प्यायला जागा उत्तम. साखर उकळतानाच घालतात, म्हणून मागतानाच सांगायचं: ‘सादे’ बिनसाखरेची, ‘ओर्ता’ मध्यम, ‘शेकेर्ली’ गोड. तळाचा गाळ प्यायचा नाही. जवळच १६६१ ची क्योप्र्यूल्यू मेहमेत पाशा मशीद आहे. तिच्या अंगणात सावलीचं घड्याळ आहे. नमाजाची वेळ टाळून जा. लोहारांची गल्ली मात्र चुकवू नका, घणाचा आवाज अजून ऐकू येतो.

गावाच्या नावातच केशर आहे, त्यामुळे ते घ्यायचा मोह होणारच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलं येतात आणि एका फुलातून तीनच काड्या निघतात, मग स्वस्त कसं मिळेल? तुर्की बाजारांत केशर म्हणून ढिगाने दिसतं ते अनेकदा आपल्या ओळखीच्या करडईच्या पाकळ्या असतात. खऱ्या काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं. पाण्यात टाकली की पाणी हळूहळू पिवळं होतं, काडी लालच राहते. खात्री नसेल तर केशरी लोकुम ही मऊ तुर्की मिठाई घ्या. दुकानदार चाखायला देतात.

दुपारी चारच्या सुमारास हमाम

दिवसाचा खरा गाभा हा. दुपारचं जेवण हलकं ठेवा. बटाटा किंवा पालक भरलेली ग्योझलेमे, म्हणजे तव्यावरची पातळ पोळी, पुरते.

जिंजी हमाम सतराव्या शतकातला. बांधणारा जिंजी होजा इथलाच, सुलतान इब्राहिमच्या दरबारात मंत्रतंत्राच्या जोरावर चढलेला माणूस. १६४८ मध्ये सुलतानाची सत्ता गेली आणि त्याचाही शेवट झाला. हमाम मात्र चालू राहिला. बायका आणि पुरुषांचे विभाग वेगळे आहेत, तेव्हा जोडीने गेलात तर बाहेर भेटायची वेळ ठरवून घ्या.

आधी दरफलक बघून ‘केसे-क्योप्यूक’ सांगा, म्हणजे घासणं आणि फेस. कपडे कुलपात ठेवून पेश्तेमाल हा चौकड्यांचा पंचा गुंडाळायचा. पुरुषांनी तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. नंतर घालायला कोरडी अंतर्वस्त्रं सोबत ठेवावीत. गरम दालनात मधोमध संगमरवरी ओटा असतो, त्यावर किंवा कडेला बसून पंधरा-वीस मिनिटं घाम येऊ द्या. घाई केली तर पुढचं सगळं फुकट. भिंतीलगतच्या कुर्नातून, म्हणजे दगडी कुंडीतून, तांब्याने पाणी अंगावर घेत राहा. कुर्नात साबण किंवा हात बुचकळू नका.

मग पुरुषांकडे तेल्लाक, बायकांकडे नातिर येतात आणि खरखरीत हातमोज्याने घासतात. मळाच्या वळ्या निघतात. लाज वाटेल, पण त्यांना रोजचंच आहे. जोर जास्त वाटला तर ‘यावाश’, म्हणजे ‘हळू’, म्हणा. नंतर फेसाचा ढीग, मालीश, पाणी. बाहेर येऊन टॉवेलात गुंडाळून अर्धा तास चहा घेत पडून राहा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी गरम दालन टाळावं. निघताना बक्षिसी वेगळी द्यायची रीत आहे.

रात्री

शाकाहारी असाल तर ‘एतसिझ’ (मांसाशिवाय) हा शब्द पाठ करा आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा. इथल्या बुक्मे नावाच्या भरलेल्या रोटीत पालकाबरोबर खिमाही असतो. गोडात झेर्दे: तांदूळ, साखर, केशर, दूध नाही. केशरी भाताचा पातळ भाऊच म्हणा.

दुसऱ्या दिवशी एक फाटा जास्त करायची तयारी असेल तर उत्तरेला काळ्या समुद्रावरचं अमास्रा ९० किमीच्या आसपास आहे. वळणांचा घाटरस्ता आहे, उजेडातच निघा. नाहीतर सरळ अंकाऱ्याची वाट धरा.